बिनतक्रारीचा भाडेकरू

"भाड्याने देणे आहे" अशी पाटी काखेत मारून मालकीणबाई निघाल्या, आणि पाटी टांगायच्या आधी स्वतःच टांगल्या गेल्या. तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये लिफ्टनं एक हिसका दिला, दिवा दोनदा मिचमिचला, आणि सगळं चिडीचूप.

मालकीणबाई म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे कमरेला किल्ल्यांचा जुडगा लावलेली कुणी खमकी बाई येत असेल, तर तिला आधी बाजूला करा. ही सत्तावीस वर्षांची, केस वर बांधलेली, घाबरली की जास्त बोलणारी पोरगी. रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत ती रक्त काढायची आणि सुई टोचायच्या आधी प्रत्येकाला न चुकता सांगायची, "काही नाही हं, मुंगी चावल्यासारखं वाटेल." दिवसातून साठ वेळा. मग काय, तिचीच मुंगी झाली. तिथले लोक मुंगी म्हणायचे, मामा मुंगी म्हणायचा, आणि आईसुद्धा रागावली नसेल तेव्हा मुंगीच म्हणायची.

तर मुंगी लिफ्टमध्ये अडकली. तिनं सगळी बटणं दाबून पाहिली, दार बडवलं, "अहो, कुणी आहे का?" म्हणून ओरडून घेतलं. बऱ्याच वेळानं वरच्या बाजूला दार वीतभर उघडलं, आणि त्या फटीत तिला दिसले दोन बूट. काळे, झिजलेले, पण नाड्या दुहेरी गाठ मारून नीट बांधलेल्या.

"किती जण आहात?" बुटांनी विचारलं.

"एकटी! म्हणजे... मी आणि एक पाटी."

"पाटी?"

तिनं पाटी फटीपाशी वर धरली. माणूस चक्क वाचत होता!

"दोन खोल्या, हवेशीर..." तो म्हणाला. "हवेशीर म्हणजे कितपत?"

"अहो, आधी मला बाहेर काढा! इथे मुळीच हवेशीर नाहीये!"

"काढतो, काढतो. लिफ्ट पडत नाही, घाबरू नका. वर जाऊन हातानं ओढून घेतो तुम्हाला. जरा वेळ लागेल." बूट दोन पावलं गेले आणि परत आले. "गळतं का कुठे? घर म्हणतोय मी."

"नाही गळत!"

"मग पाटीवर लिहायचं तसं. हवेपेक्षा ते महत्त्वाचं."

तो वर गेला आणि मग लिफ्ट हलायला लागली. मोटरवर नव्हे, हातानं. वीत वीत करत, मध्येच थांबत, पुन्हा सरकत. वर कुठेतरी एक माणूस एक चाक फिरवतोय आणि आपण त्याच्या हाताच्या जोरावर वर चाललोय, या विचारानं मुंगीला उगाचच गुदगुल्या झाल्यासारखं वाटलं. चौथ्यावर दार उघडलं तेव्हा तो धावत जिना उतरून आलेला, कपाळावर घाम, हातावर काळं वंगण. बुटांवरून वाटला होता त्यापेक्षा तरुण. आणि हसला तेव्हा... असो. ते पुढे येईलच.

"बघू का घर?" त्यानं विचारलं. "तीन महिने शोधतोय."

आता मामाबद्दल सांगायला हवं. मामाच्या पाच जागा भाड्यानं दिलेल्या होत्या आणि पंचवीस वर्षांत त्यानं भाडेकरू नावाच्या प्राण्याचा कसून अभ्यास केला होता. "नुसत्या पगारावर विसंबून राहू नकोस" म्हणून त्यानंच मुंगीच्या मागे लागून हे घर घ्यायला लावलं. तिची सगळी पुंजी त्यात गेली, वर कर्ज. महिन्याचा हप्ता भाड्यातून निघायचा होता. घर दोन महिने रिकामं राहिलं तर तिच्या तोंडचं पाणी पळायची वेळ, म्हणून मामाचा शब्द तिला वेदवाक्य.

"लिफ्टवाला?" मामा फोनवर म्हणाला. "असू दे. पण पहिला आला म्हणून त्याला देऊन मोकळी होऊ नकोस. तो आधी कुठे राहायचा तिथे फोन कर. आणि हे बघ, आत्ताच्या मालकाला नको विचारूस, त्याच्या आधीच्याला विचार. आत्ताचा मालक नकोशा माणसाचीही स्तुती करतो, जावा एकदाचा म्हणून."

मुंगीनं आधीच्या मालकीणबाईंना फोन लावला. त्या बाईंनी एवढंच विचारलं, "तो परत येतो म्हणाला का? खोली रिकामी करून ठेवते!"

झालं, ठरलं. पण मामाचं संपलं नव्हतं. "किल्ली द्यायच्या आधी घरात काय काय बिघडलेलं आहे त्याची यादी करा. दोघांनी मिळून. ओरखडा असला तरी लिहायचा, फोटो काढायचा, दोघांच्या सह्या. आणि मुंगे, कानात तेल घालून ऐक. भाडेकरूच्या घरात चहा प्यायचा नाही. चहा झाला की ओळख, ओळख झाली की 'पुढच्या आठवड्यात देतो' सुरू. मी पोळलोय, म्हणून सांगतो."

यादीला ते दोघं रविवारी सकाळी बसले. बसले म्हणजे रिकाम्या घरात गुडघ्यांवर रांगले. मुंगी लिहीत होती आणि तो बोटानं दाखवत होता.

"बाल्कनीच्या दाराला ओरखडा. चार बोटं."

"तीन," ती म्हणाली.

त्यानं बोटं लावून दाखवली. "चार."

"तुमची बोटं जाड आहेत."

"मग तुमची लावा."

तिनं लावली. साडेचार भरली. दोघंही हसले आणि तिनं खाली मान घालून 'चार' लिहिलं. मग स्वयंपाकघरातला नळ, न लागणारी खिडकीची कडी, न्हाणीघरातली हलणारी फरशी. मालकिणीला ठाऊक नव्हतं असं बरंच काही भाडेकरूनं शोधून काढलं.

"तुम्ही घर घ्यायला आलात की नापास करायला?"

"मला आवडलंय घर," तो साधेपणानं म्हणाला. "आवडलं की मी नीट बघतो."

मुंगी गडबडली. आणि गडबडली की ती नको ते बोलते. मामानं शिकवून ठेवलेलं वाक्य तिनं घाईघाईत म्हणून टाकलं, "मला मेली कटकट करणारा भाडेकरू चालणार नाही हं, आधीच सांगून ठेवते!"

त्याचा चेहरा एकदम गंभीर झाला. "माझी कटकट नाही होणार," तो म्हणाला. "आमच्या कामात चांगलं काम म्हणजे ज्याची कुणाला आठवणच येत नाही. लिफ्ट नीट चालली की लिफ्टवाला कुणाला आठवतो?"

हे त्यानं म्हटलं आणि, काय सांगू तुम्हाला, अक्षरशः पाळलं.

पहिला महिना गेला. भाडं एक तारखेला. फोन नाही. दुसरा महिना गेला, तसाच. प्रयोगशाळेतली मुंगीची मैत्रीण, जिनं तिच्याच सुमारास घर भाड्यानं दिलं होतं, ती रोज कपाळाला हात लावून यायची: आज यांचा गीझर, काल यांची कडी, परवा यांना झुरळ दिसलं. मुंगी ऐकायची आणि तिला हेवा वाटायचा. होय, हेवा! एक झुरळ दिसायला काय हरकत होती? नळ तर यादीतच होता, गळका म्हणून. तो गळेल, मग तो फोन करेल, मग आपण प्लंबर घेऊन जाऊ, प्लंबर सावकाश काम करेल... फोन वाजला की ती झडप घालून उचलायची, आणि फोन नेमका मामाचा असायचा.

"भाडेकरूची काही तक्रार?"

"नाही रे मामा."

"नशीबवान आहेस."

नशीबवान! रात्री जेवताना आई विचारायची, "अगं, हातात घास धरून काय बसलीस?" आता आईला काय सांगणार? माझ्या घरातला नळ गळत नाहीये, म्हणून माझा जीव कासावीस झालाय?

मामाच्या नियमात एकच खिडकी होती. दर तीन महिन्यांनी, एक दिवस आधी कळवून, घर बघून यायचं. पहिल्या फेरीला मुंगी निळा कुर्ता घालून गेली आणि दहा मिनिटांत परत आली. नळ बदललेला. कडी लागत होती. फरशी पक्की बसवलेली. यादीतली एकेक गोष्ट त्यानं स्वतःच्या हातानं, स्वतःच्या खर्चानं नीट करून टाकली होती.

"अहो, मला सांगायचं नाही का? हे माझं काम आहे!"

"एवढ्यासाठी तुम्हाला कशाला त्रास," तो म्हणाला. "तुम्ही दिवसभर उभ्या असता."

दिवसभर उभी असते हे त्याला कुणी सांगितलं? तिनंच कधीतरी यादी करताना, पाय चोळत सांगितलं होतं. लक्षात ठेवलं होतं त्यानं. ती सगळा रस्ता ते वाक्य पुन्हा पुन्हा मनात म्हणत घरी आली. जिन्यानं उतरली नाही, मुद्दाम लिफ्टनं उतरली. पण लिफ्टही मेली आता अडकत नव्हती.

दुसरी फेरी ठरली होती त्या दिवशी आभाळ नुसतं कोसळत होतं. ती जायचं रद्द करणार, तेवढ्यात मामाचा फोन. "आजच जा! पाऊस तिरका आहे. बाहेरच्या अंगाची भिंत हातानं बघ. ओल डोळ्यांना दिसेपर्यंत उशीर झालेला असतो, तळव्याला आधी कळतं."

मामाला देव सुखी ठेवो.

ती पोचली तेव्हा निथळत होती. त्यानं दार उघडलं, तिच्याकडे बघितलं आणि न बोलता टॉवेल आणून दिला. मामानं चहाचं सांगितलं होतं, टॉवेलचं काही सांगितलं नव्हतं, म्हणून तिनं घेतला. त्याला साबणाचा आणि थोडासा वंगणाचा वास होता. तो तिनं जरा जास्तच वेळ तोंडाला लावून ठेवला.

"भिंत बघायचीय," ती टॉवेलमधून म्हणाली. "हातानं."

"बघू या की. तुम्ही त्या टोकाकडून, मी या टोकाकडून."

दोघं भिंतीला तळवे लावून सरकायला लागले. बाहेर पाऊस काचेवर थडाथडा आपटत होता, आणि आत नुसते दोन आवाज.

"तिथे?"

"कोरडं. तुमच्याकडे?"

"कोरडं... इथेही कोरडं."

"इथे?"

"नाही..."

भिंत केवढी असणार हो दोन खोल्यांच्या घरात! बघता बघता मधे एक बोटाचं अंतर उरलं. त्याचा हात — नखांच्या कडेला काळी रेघ, अंगठ्यावर जुना व्रण. तिचा हात — पाण्यानं सुरकुतलेला. दोघांपैकी कुणीही हात काढला नाही.

"इथे जरा... गरम लागतंय," तो हळू म्हणाला.

"गरम म्हणजे ओल नव्हे," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू येईना.

"नाही. ओल नव्हे."

किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग तोच घसा खाकरून म्हणाला, "चहा टाकू?"

"नको!" ती एवढ्या जोरात ओरडली, की तो दोन पावलं मागे सरला. "म्हणजे... मला... नियम आहे." आणि ओली छत्री उचलून ती पळाली. हो, पळालीच! खाली रस्त्यावर आल्यावर तिला कळलं, की टॉवेल खांद्यावरच राहिलाय. तो परत द्यायला जायला हवं होतं. पण एक दिवस आधी कळवून जायचं, आणि कारण काय सांगायचं? टॉवेल घडी करून तिच्या कपाटात गेला. आईनं दोनदा विचारलं, हा कुणाचा. मुंगीनं दोनदा विषय बदलला.

त्यानंतरचे तीन महिने म्हणजे... काय वर्णन करायचं! साठ माणसांच्या दंडाला ती पट्टा बांधायची आणि प्रत्येक हात त्या एका हाताशी ताडून बघायची. एक तारखेला भाडं जमा झाल्याचा संदेश यायचा, त्यात नुसता आकडा. त्याखाली दोन शब्द असते तर त्याचं काय गेलं असतं? 'कशा आहात' एवढेच? पण नाही. तो आपला शब्द पाळत होता.

तिसऱ्या फेरीच्या आदल्या रात्री तिनं ठरवलं, बस. उद्या बोलायचं. काय व्हायचं ते होईल.

ती गेली. घर लख्ख. तो समोर उभा, हात पाठीमागे, जरा अवघडलेला.

"मला एक विचारायचं होतं तुम्हाला," तो म्हणाला. "कसं विचारू कळत नव्हतं. बरेच दिवस मनात आहे."

मुंगीनं पटकन केस सावरले. "विचारा ना..."

"या भिंतीला एक खिळा ठोकू का?"

तिनं बघितलं. भिंतीच्या पायथ्याशी, जमिनीवर, एक गोल घड्याळ टेकवून ठेवलेलं होतं. चालू, वेळ अगदी बरोबर. करारात लिहिलं होतं, मालकाच्या परवानगीशिवाय खिळा ठोकायचा नाही. म्हणून नऊ महिने हा माणूस जमिनीकडे वाकून वेळ बघत होता.

"ठोका की!" ती कशीबशी म्हणाली. "दहा ठोका!"

"एकच पुरे," तो म्हणाला आणि हसला.

ती काही न बोलता परत आली. म्हणजे बोलणारच कशी? ज्याला एका खिळ्यासाठी माझी परवानगी लागते, त्याला मी 'तुम्ही मला आवडता' म्हणायचं? त्याला नको असेल तर तो काय म्हणेल? नाही म्हणाला, की डोक्यावरचं छप्पर जाईल असं त्याला वाटणार. आणि हो म्हणाला, तर ते हो मला म्हटलेलं की घराला, हे मला जन्मात कळणार नाही. त्या दिवशी पहिल्यांदा मुंगीला मालकीण झाल्याचं वाईट वाटलं. इतकं, की बसमध्ये शेजारच्या बाईंनी तिला न विचारता रुमाल दिला.

आणि मग, वर्ष भरायला महिना राहिला असताना, पाकीट आलं. नीटस अक्षर. कराराप्रमाणे एक महिन्याची सूचना देत आहे. घर सोडत आहे. घराबद्दल काहीही तक्रार नाही.

ती शेवटची ओळ तिनं किती वेळा वाचली असेल! काहीही तक्रार नाही. अरे, एखादी तरी असू दे की!

"सोन्यासारखा भाडेकरू गेला!" मामा कळवळला. "भाडं वाढवायचं म्हणालीस का? चांगला माणूस टिकवायला भाडं थोडं कमी घ्यावं लागलं तरी घ्यावं, कितीदा सांगितलं तुला! असो. आता तो आहे तोवरच लोकांना घर दाखवून टाक. रिकामं घर भकास दिसतं, राहतं घर माणसाला हवंसं वाटतं."

म्हणून रविवार-रविवार मुंगी लोकांना घेऊन चौथ्या मजल्यावर जायला लागली. आणि तिथे एक अजब प्रकार सुरू झाला. मालकीण घराला नावं ठेवायची आणि सोडून जाणारा भाडेकरू घराची बाजू घ्यायचा.

"स्वयंपाकघर जरा अंधारं आहे," मुंगी सांगायची.

"सकाळी आठला बघा," तो मधेच म्हणायचा. "ऊन सरळ ओट्यावर येतं. दिवा लावावा लागत नाही."

"लिफ्ट बंद पडते. मी स्वतः अडकलेय."

"आता नाही पडत. मी बघतो तिच्याकडे."

"जिन्यात आवाज येतो..."

"येतो, पण संध्याकाळी पोरं शाळेतून येतात तेवढाच. त्यानं उलट बरं वाटतं, घरात कुणी नसलं की."

घर बघायला आलेलं नवं जोडपं बावचळून एकदा हिच्याकडे आणि एकदा त्याच्याकडे बघायचं आणि "कळवतो" म्हणून सटकायचं. तिसऱ्या रविवारी असे लोक गेल्यावर त्यानं दार लावलं आणि दाराला पाठ टेकून उभा राहिला.

"तुम्हाला घर द्यायचं नाहीये का कुणाला?"

"द्यायचंय तर. हप्ता कोण भरेल?"

"मग असं काय करता?"

"तुम्हाला एवढं आवडतं हे घर, तर तुम्ही का निघालात?" तिचा आवाज चढला, मग एकदम खाली आला. "माझं काही चुकलं का? मी ते कटकटीचं म्हटलं होतं... ते माझं नव्हतं हो, मामाचं होतं."

त्याच्या ओठांवर काहीतरी आलं होतं, ते त्यानं परत गिळलेलं तिनं बघितलं.

"सांगेन," तो म्हणाला. "किल्ली देईन त्या दिवशी."

"आज का नाही?"

"आज नाही सांगता येणार. तुम्ही नका विचारू... प्लीज."

ते दहा दिवस मुंगीनं कसे काढले ते तिलाच माहीत. बदली झाली असेल. लग्न ठरलं असेल. हो, लग्नच! दोन खोल्या लहान पडणार, हे उघड आहे. मनातल्या मनात तिनं त्याचं लग्न लावून दिलं, बायकोला सुंदर केलं, आणि स्वतःच रडून घेतलं. एका काकांच्या हाताला सुई टोचताना ती "मुंगी चावल्यासारखं" म्हणायची विसरली, तेव्हा काकाच म्हणाले, "पोरी, बरी आहेस ना?"

शेवटचा दिवस उजाडला. सामान सकाळीच गेलं होतं. मामानं दुपारी बाराला एक वयस्कर जोडपं पाठवतो म्हणून सांगितलं होतं, निवृत्त मुख्याध्यापिका आणि त्यांचे यजमान. चांगली माणसं, आणि यावेळी तोंड बंद ठेव, अशी सक्त ताकीद.

मुंगी साडेअकराला पोचली. रिकाम्या घरात तो मधोमध उभा होता, इस्त्रीचा शर्ट घालून. सामान हलवायला कुणी इस्त्रीचा शर्ट घालतं? आवाज घुमत होते, त्यामुळे दोघंही हळू बोलत होते.

"आधी किल्ल्या घ्या," तो म्हणाला. "मोजा. तीन आहेत."

तिनं हात पुढे केला. किल्ल्या गार होत्या. "आहेत तीन."

"अनामत परत मिळाली, कागदावर सही झाली. आता मी तुमचा कोण?"

"कोणी नाही," ती म्हणाली, आणि ते शब्द तिलाच लागले.

"हं." त्यानं मोठा श्वास घेतला. "तेच हवं होतं मला."

"म्हणजे?" तिनं विचारलं.

"तुमच्या घरात राहून मी बोललो असतो, तर तुम्हाला वाटलं असतं, हा भाडं वाढू नये म्हणून गोड बोलतोय. आणि तुम्हाला नाही म्हणायचं असतं, तर दर तीन महिन्यांनी माझं तोंड बघायला यावं लागलं असतं. तुम्हाला ते कठीण झालं असतं. मग मी विचार केला, आधी बाहेर पडावं. नवी खोली घेतलीय. तळमजला, उजेड नाही, मालक रविवारी सकाळी येऊन दिवे मोजतो. चालेल म्हटलं." तो थांबला. कपाळावर घाम, त्या पहिल्या दिवसासारखा. "मला तुम्ही आवडता. मघाशी तुम्ही म्हणालात ना, कोणी नाही... तर तसं नको मला. वर्षभर नकोसं झालंय ते. तुम्ही नाही म्हणालात तरी चालेल. म्हणजे चालणार नाही, पण... तुम्ही मोकळेपणानं म्हणा. आता तुम्ही माझ्या मालकीण नाही."

मुंगीनं तोंड उघडलं.

आणि दारावरची बेल वाजली.

आता याला काय म्हणावं! बेल पुन्हा वाजली, शाळेची वाजते तशी लांबलचक. मुंगीनं दार उघडलं. पांढऱ्या केसांच्या एक ताठ बाई, आणि त्यांच्या मागे पिशवी धरलेले, गोड चेहऱ्याचे त्यांचे यजमान. बाई आत आल्या, छताकडे बघितलं, भिंतीला तळवा लावला, मग दोघांकडे वळल्या.

"घर ठीक दिसतंय. मी उगीच वेळ घालवत नाही, एकच प्रश्न विचारते. कुठलंही घर घ्यायच्या आधी विचारते. आधीच्या भाडेकरूनं हे घर का सोडलं?"

मुंगीला मामाची ताकीद आठवली. तोंड बंद. मग तिनं त्याच्याकडे बघितलं. तो खिडकीपाशी, पांढराफटक, श्वास रोखून उभा.

"त्यांना मी आवडते," मुंगी म्हणाली. "आणि माझ्या घरात राहून ते मला सांगणं त्यांना बरं वाटेना. म्हणून सोडलं."

बाईंच्या भुवया वर गेल्या. यजमानांनी पिशवी खाली ठेवली.

"आणि तुम्ही काय म्हणालात त्यांना?" बाईंनी विचारलं.

"अजून काहीच नाही. म्हणणार होते, तेवढ्यात तुम्ही बेल वाजवलीत."

"मग आता म्हणा की!" बाई कडाडल्या. चाळीस वर्षं वर्गाला उत्तर मागितलेला आवाज होता तो. "असं अर्धवट नाही सोडायचं कधी."

घाबरली की ती जास्त बोलते हे तुम्हाला माहीत आहेच, पण त्या वेळी मोजकेच शब्द आले.

"मलाही तुम्ही आवडता," ती त्याला म्हणाली. "फार. मला वाटलं, तुम्ही मला सोडून चाललात."

त्याच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते बघून यजमान बाईंच्या कोपराला धरून हळूच म्हणाले, "चला, आपण स्वयंपाकघर बघून घेऊ. यांना वेळ लागेल."

"मला आधी पाणी किती वाजता येतं ते विचारायचंय."

"नंतर विचारा हो," यजमान म्हणाले, आणि त्यांनी स्वयंपाकघराचं दार आतून लावून घेतलं.